बेल उशिरा बोलते

त्याने बेल भिंतीवरून उतरवली, झाकण काढलं आणि आतल्या नखाएवढ्या चिपला संगणकाला जोडलेला चिमटा लावला. तो नीट बसला नाही, म्हणून काढून पुन्हा लावला.

बेल मुलाने बनवली होती. बटण दाबलं की ती बराच वेळ गप्प राही आणि मग मुलाच्या आवाजात म्हणे, 'आई, मी आलो.' मुलाला जाऊन वर्ष होत आलं होतं. त्याचा आवाज आता एवढाच उरला होता. पण आलेली माणसं घरात कोणी नाही असं समजून परत जात.

ऑफिसात तो अशाच चिपांसाठी ड्रायव्हर लिहीत होता, म्हणजे संगणकाच्या गाभ्यात, कर्नलमध्ये, बसून चिपेशी बोलणारा प्रोग्रॅम. चिपेतलं एक अक्षर बदलायचं तरी आधी आजूबाजूचं सगळं पुसावं लागतं, आणि मध्येच वीज गेली की तेलही गेलं, तूपही गेलं. म्हणून त्याचा ड्रायव्हर आधी जुन्याची प्रत घेई, ताडून पाही, मगच पुसू देई. हा ताकही फुंकून पितो, अशी सहकारी चेष्टा करत.

मुलाच्या प्रोग्रॅममध्ये बटण आणि आवाज यांच्या मधोमध एक थांबा होता. काही न करता नुसतं थांबायचं. पोरांची घिसाडघाई, काढायचा राहून गेला असेल, दुसरं काय, असं म्हणत त्याने तो काढला. ड्रायव्हरने प्रत घेतली, पुसलं, नवं लिहिलं. सगळं बिनचूक.

बेल लावून त्याने बाहेरून बटण दाबलं. आवाज लगेच आला. आत भांडं पडलं. बऱ्याच वेळाने बायकोने दार उघडलं. दुखरा गुडघा ओढत, भिंत धरत ती आली होती.

"काय केलंत तुम्ही?"

"बिघाड काढला. उशिरा बोलत होती."

"मी दाराशी पोचले की मग बोलायचा तो," ती म्हणाली. "आज मी ओट्याशीच होते, आणि तो बोलूनसुद्धा गेला."

त्याने बेल पुन्हा उतरवली. पोराने आईची चाल मोजून तो थांबा घातला होता, आणि बापाला त्यात घिसाडघाई दिसली होती.

त्याने जुनी प्रत चिपेत परत लिहिली. एकूण एक अक्षर जुळलं, तेव्हा बेल पुन्हा भिंतीवर लावली. बायको न सांगताच ओट्याशी जाऊन उभी राहिली. त्याने बाहेर येऊन दार ओढून घेतलं आणि बटण दाबलं.

आतून पावलं येऊ लागली, एक जड, एक हलकं. दाराशी थांबली.

'आई, मी आलो.'

दार उघडलं नाही; ते उघडेपर्यंत तिच्यासाठी बाहेर मुलगाच उभा होता. त्यानेही पुन्हा बटण दाबलं नाही.