समजुतीचा दगड

बोरीच्या सटवाजी अप्पाच्या जिभेवर साखर होती, एवढं सांगून भागायचं नाही. दारातल्या ज्या लिंबाखाली बसून तो नवराबायकोची समजूत काढायचा, त्या लिंबाच्या लिंबोळ्या म्हणे गोड लागायच्या, आणि त्या खायला मुंग्यांची रांग थेट झरीपासून यायची. एकदा त्यानं झुंजणाऱ्या दोन बैलांना समजावलं, तर पुढं ते बैल एकमेकांना सोडून पाणी पिईनात. यातलं खरं किती नि खोटं किती, ते ज्याचं त्यानं ठरवावं. एक मात्र सगळ्या पंचक्रोशीला ठाऊक होतं. अप्पानं समजावून नांदायला धाडलेली पोरगी पुन्हा माहेरी पळून आलेली नव्हती.

पोलीस ॲक्शन झाली, निजामाचं राज्य गेलं, जिल्हा मुंबई राज्याला जोडला. बायकांना कोर्टात फारकत मिळते असा कायदाही दिल्लीहून निघाला. पण झरी-बोरीच्या अंगाला घरातला मामला घरातच मिटवायचा, नि मिटवायचा तो अप्पानंच. त्याला स्वतःला मूलबाळ नव्हतं. "देवाची मर्जी. गावच्या लेकी त्या माझ्याच लेकी," असं तो म्हणायचा, आणि ऐकणाऱ्यांचे डोळे भरून यायचे.

त्या दिवशी सकाळी अप्पा तंबाखू मळत बसला होता. त्याची बायको बायनाबाई ओसरीत सुपानं तूर पाखडत होती. बायनाबाईची मान डावीकडं कलती होती. लग्नाच्या दुसऱ्या वर्षापासूनच. झोपेत अवघडली असेल, असं लोक म्हणत. एवढ्यात झरीचा व्यंकटी आपल्या लेकीला पुढं घालून आला. लेक बोरीतच दिलेली, झुंबरबाईच्या सुग्रीवला. चार दिवसांमागं ती पळून झरीला गेली होती.

"अप्पा, हिला समजावा," व्यंकटी म्हणाला. "घरी आणिक दोघी उजवायच्या हायेत. ही अशी दारात बसली तर त्यांना कोन करंल?"

"नाव काय गं तुझं?"

"कडूबाई."

"नावातच कडू. मंग सासूला गोड कशी लागशील?"

व्यंकटी हसला. त्याला हसणं भाग होतं.

"अप्पा, तुमी ऐका तर," कडूबाईनं दंडावरचा पदर सारला. उलथण्याचे डाग होते, काही जुने, काही ओले. "भाकर करपली म्हणून आत्याबाईनं..."

"पदर घे, पोरी. घरची गोस्ट झाकायची असती." अप्पानं चिमूट तोंडात टाकली. "सासूचा हात म्हंजी मायचा हात. आन नवरा मारतो तो परक्याला मारतो का? आपलं समजतो म्हणून मारतो. आजपासून मी तुझा बाप. काई झालं तर माझ्या दारी ये. पर झरीची वाट इसर."

"अप्पा, माझं निम्मंच..."

"ऐकायलोच की मी," अप्पा म्हणाला नि उठला.

मग रीत झाली. पळून आलेल्या पोरीनं परत नांदायला जाताना जात्याचा वरचा दगड डोक्यावर घ्यायचा नि वेशीपासून सासरच्या उंबऱ्यापर्यंत भर गावातून चालायचं. बापजाद्यापासूनची रीत, असं अप्पा सांगायचा. दगड त्याच्याच घरी असायचा. डोक्यावर दगड असला की तोंड उघडत नाही, मान हलत नाही, माणूस नाकासमोर बघतं. हीच खरी समजूत, असं त्याचं म्हणणं. कडूबाई चालली. पोरं मागं शिट्ट्या मारत होती. उंबऱ्यावर झुंबरबाईनं दगड उतरवून घेतला तेव्हा कडूबाईचे ओठ घट्ट मिटलेले होते.

"बघा," अप्पा चारचौघांना म्हणाला, "एक सबूद न्हाई."

खरंच नव्हता. ज्वारी काढून झाली, खळी झाली, तरी नव्हता. एका दुपारी झुंबरबाई नि सुग्रीव कडूबाईला घेऊन लिंबाखाली आले. वेगळाच मामला असणार, म्हणून मागोमाग निम्मं गाव आलं.

"अप्पा, तुमी लयच समजावलं हिला," झुंबरबाई म्हणाली. "तवापसून बोलतच न्हाई. माझ्याशी न्हाई, ह्याच्याशी न्हाई, कुत्र्याला हाड म्हणत न्हाई. शेजारणी म्हणायल्यात, आमी जीभ छाटली हिची."

"मारलं तरी आय गं म्हणत न्हाई," सुग्रीव म्हणाला. त्याचा आवाज खरोखर दुखावलेला होता. "भितीला मारल्यावानी वाटायलंय, अप्पा."

लोक हसले. अप्पाही हसला आणि कामाला लागला. त्यानं बैलांची गोष्ट सांगितली. सात बायकांच्या सरदाराची सांगितली, जिच्यावर बायका तोंडात पदर कोंबून हसायच्या. मग त्यानं दरडावलं. मग डोळ्यांत पाणी आणलं, ते त्याला हवं तेव्हा यायचं. कडूबाई त्याच्याकडं बघत राहिली. जन्मात पहिल्यांदा अप्पाची जीभ कोरडी पडली.

"मी तुझा बाप म्हणलो व्हतो ना?" तो म्हणाला. "मंग बापाला तरी सांग. काय पायजे तुला?"

कडूबाई उठली. अप्पाच्या घरात गेली, जात्याचा वरचा दगड उचलून बाहेर आली आणि तो त्याच्या गुडघ्यांपुढं ठेवला. मग मागं फिरून बायनाबाईच्या शेजारी ओसरीत बसली.

अप्पाचा चेहरा उजळला. "बघा, आपल्या हातानं आनला. नांदायची आस हाय लेकराला. उचल, पोरी, चल."

ती हलली नाही. सुग्रीव ओसरीवर चढला नि त्यानं तिचा अंबाडा धरला.

बायनाबाईनं सूप खाली ठेवलं. "सोड तिला, सुग्रीव."

"काकू, आमच्या घरचा मामला हाय."

"ह्यांनी बाप म्हणलंय तिला. मंग मी माय झाले. लेक माझ्या घरी आली, जानार न्हाई."

"अगं, तू कशाला मधी पडतीस?" अप्पा म्हणाला. "मान दुखंल तुझी."

पुन्हा हशा झाला. बायनाबाई तो विरेपर्यंत थांबली.

"मान त्याच दिशी गेली. हा दगड बापजाद्याचा न्हाई. पयला मीच वाहिला. राणीसावरगावला मायकडं पळून गेले व्हते, तिथनं ह्यांनी आनलं आन वेशीवर डोक्यावर ठिवला. त्याच्या आदी कोन्या बाईनं वाहिला असंल तर सांगा."

म्हातारेकोतारे एकमेकांकडं बघू लागले. कुणाला आठवेना.

"त्या दिशी वेशीपसून उंबऱ्यापस्तोर मला एकच सांगायचं व्हतं. कोन्हीच इचारलं न्हाई. आता सांगू का?"

"नको," अप्पा म्हणाला. अगदी हळू, पण सगळ्यांनी ऐकलं.

"मला दिवस गेले व्हते," बायनाबाई म्हणाली. "उंबरा चढले आन तिथंच गेलं. ह्यांनी लोकाला देवाची मर्जी सांगितली. खरं काय ते ह्यांना ठावं व्हतं."

सुग्रीवचा हात आपोआप सुटला. त्याला काही उमगलं होतं असं नाही. सगळे भलतीकडं बघत होते, एवढंच.

कडूबाई तिथंच राहिली. पुढच्या लगनसराईत सुग्रीवनं दुसरी केली. दिल्लीचा कायदा त्याला मनाई करतो, हे बोरीत कुणी बोललं नाही, आणि नव्या सुनेच्या दंडावर काय आहे, हे कुणी पाहिलं नाही. कडूबाई पुढंही कधी बोलली नाही. बायनाबाईनं देव केले, सिव्हिल हॉस्पिटल केलं. गेलेलं परत आलं नाही.

लोक मात्र अजून येतात. "हिला समजावा," म्हणत बाप पोरीला पुढं ढकलतो. बायनाबाई बापाला लिंबाखाली त्या दगडावर बसवते आणि पोरीला आत नेते. कडूबाई तिच्यापुढं भाकर ठेवते. "सांग, माय," एवढं म्हणून बायनाबाई गप्प बसते, पोरीचं सगळं सांगून होईपर्यंत. मग ज्या पोरीला जायचं नसतं, ती जात नाही. बाहेर बापाशेजारी अप्पाही बसलेला असतो. त्याला कुणी काही विचारत नाही.

त्या लिंबाच्या लिंबोळ्या आता कडू लागतात म्हणे. तेव्हाही त्या कडूच होत्या. गोड आहेत असं जो तो सांगायचा, चाखून कुणी पाहिल्या नव्हत्या.