कानापर्यंतची काठी

आपण म्हातारे झालो हे मान्य करायचं नाही असं एकदा माणसानं ठरवलं, की त्याच्यापुढे भलेभले हात टेकतात. सुदाम मेश्रामांपुढे तर जर्मनीतल्या हाडांच्या डॉक्टरनंही टेकले. नागपूरच्या ऑर्डनन्स फॅक्टरीत छत्तीस वर्षं फिटर म्हणून उभं राहून काम केलेला गुडघा तो. फोटो बघून डॉक्टर म्हणाला, आता गेश्टॉक घ्या, म्हणजे हातात काठी धरा. सुदामरावांनी त्याला नमस्कार केला आणि बाहेर आल्यावर लेकीला सांगितलं, "पोरगा आहे अजून. शिकेल."

लेक क्षमा वाल्डॉर्फला सॉफ्टवेअरमध्ये होती. तिच्याकडे दोघं नवराबायको तीन महिन्यांसाठी आले होते. पहिल्याच पंधरवड्यात सुदामराव जंगलातल्या पायवाटेवर जे बसले ते अर्धा तास उठेचनात. त्या दिवसापासून क्षमानं फर्मान काढलं, काठी घेतल्याशिवाय एकट्यानं बाहेर पडायचं नाही.

आता हे फर्मान म्हणजे त्यांच्या नरडीलाच नख होतं. घरात टीव्ही कळत नाही, कचरा कुठल्या डब्यात टाकावा ते कळत नाही, दुपारी भिंतीत खिळा ठोकला तर शेजारी येतो. संध्याकाळचा तो एकट्याचा तासभर फेरफटका, एवढीच या देशात त्यांची स्वतःची म्हणावी अशी गोष्ट होती.

क्षमानं औषधाच्या दुकानातून एक काळी काठी आणली. अॅल्युमिनियमची, भोकाभोकांची, खाली रबराचं बूड.

"ही सलाइन लटकवायची दांडी आहे," सुदामराव म्हणाले. "मी नाही धरणार."

चार दिवस ते खिडकीत बसून राहिले. पाचव्या दिवशी जेवताना घसा खाकरून म्हणाले, "त्या जंगलात एक कुत्रं सुटं फिरतं. वासराएवढं. त्याच्यासाठी काठी लागेल मला. चालायला नव्हे, सांगून ठेवतो. संरक्षणाला."

क्षमानं आईकडे बघितलं. अरुणाबाई मान खाली घालून भात वाढत होत्या.

"गेनाऊ, अगदी बरोबर, बाबा," क्षमा म्हणाली. "कुत्र्यासाठीच."

शनिवारी बापलेक जवळच्या खेड्यात काठ्या बनवणाऱ्या हेर लांगकडे, म्हणजे लांगसाहेबांकडे गेले. म्हातारा सत्तरी ओलांडलेला, अंगावर चामड्याचा एप्रन, भिंतीवर शंभरेक काठ्या. सुदामरावांना दुकान एकदम पसंत पडलं. तेलाचा आणि भुशाचा वास, कोपऱ्यात लेथ. माणूस आपल्या जातीचा, म्हणजे हातानं काम करणाऱ्यांतला, हे त्यांनी आल्याबरोबर ओळखलं.

"विचार त्याला, आतून पातं निघेल अशी करतो का. गुप्ती."

"बाबा, मी हे विचारणार नाही."

"काहून? गिऱ्हाईक आहे मी."

क्षमानं ओशाळं होऊन विचारलं. लांगनं चष्मा काढला, पुसला, परत लावला आणि सावकाश सांगितलं की काठीत पातं लपवायला कायद्यानं बंदी आहे, आणि पातं नसलेल्या काठीनंही डोकं व्यवस्थित फुटतं. सुदामरावांना हे पटलं. मग दोघांची अशी काही गट्टी जमली की क्षमाला मध्ये बोलायला वावच राहिला नाही. लांगनं हेझलची काठी दिली. सुदामरावांनी हातात तोलून बाजूला ठेवली, हलकी. चेस्टनटची दिली, बरी. मग अॅशची दिली तेव्हा त्यांनी बोटांनी रेघा चाचपल्या आणि मान डोलावली. हातोड्याचा दांडा या लाकडाचा करतात, हे त्यांना कुणी सांगायला नको होतं. मूठ वाकडी नको, पितळेची गोल हवी. टोकाला रबर नको, लोखंडी टोपण.

मग लांगनं टेप काढली. त्यांना ताठ उभं केलं, हात सैल सोडायला लावला आणि जमिनीपासून मनगटापर्यंत माप घेतलं.

"हे काय?" सुदामराव म्हणाले. "काठी कानापर्यंत घेतात."

त्यांचंही चुकत नव्हतं. तरुणपणी ते समता सैनिक दलात होते. दसऱ्याला दीक्षाभूमीवर लाखांची गर्दी उसळली की दोर धरून, लाठी घेऊन उभे राहायचे. लाठीचं माप कानाशी, हे तिथं पहिल्या दिवशी शिकवलेलं. पण ती काठी फिरवायची होती, टेकायची नव्हती, एवढा बारीक फरक त्यांनी लक्षात घेतला नाही. किंवा घेतला आणि गिळला.

लांगनं क्षमामार्फत कळवलं की एवढ्या उंच काठीवर वजन पडणार नाही.

"मला वजन टाकायचंय कुठं?"

आठवड्यानं काठी आली. झकास दिसत होती, खोटं कशाला बोला. सुदामराव ती खांद्यावर टाकून निघायचे आणि पाय ओढत परत यायचे. पितळेच्या गोळ्यासकट दीड किलोचं धूड ते, गुडघा जास्तच कुरकुरायला लागला.

"झालं का काठीला फिरवून?" अरुणाबाई दार उघडताना विचारायच्या.

नवव्या दिवशी कुत्रं आलं. खरंच वासराएवढं होतं. वळणावरून धावत थेट त्यांच्याकडेच. सुदामरावांच्या अंगात पस्तीस वर्षांपूर्वीचा सैनिक जागा झाला. डावा पाय पुढे, काठी दोन्ही हातांत, गरगर एक फेरा, दुसरा फेरा. तिसऱ्याला गुडघ्यानं राजीनामा दिला. सुदामरावांनी झाडाला मिठी मारली आणि काठी गेली उडत झुडपात.

कुत्र्याला आयुष्यात इतका चांगला माणूस भेटला नव्हता. ते झुडपात घुसलं, काठी तोंडात आडवी धरून धडपडत आलं, त्यांच्या पायाशी ठेवली आणि समोर बसून शेपटी हलवू लागलं.

काठी पायाशी होती. पण झाड सोडून वाकायचं कसं? शत्रूनं हत्यार आणून दिलंय आणि आपल्याला ते उचलता येत नाही. सुदामरावांना आधी राग आला, मग हसू आलं, आणि मग, कुणी बघत नाही म्हणून, डोळ्यांत पाणीच आलं.

कुत्र्यामागून त्याची मालकीण आली, ऐंशीच्या पुढची. तिनं एकंदर प्रकार बघितला, कुत्र्याला दटावलं आणि स्वतःची काठी त्यांच्या हातात दिली. साधी, वाकड्या मुठीची, मनगटापर्यंत येणारी. सुदामरावांनी भार टाकला. गुडघा गप्प झाला. महिन्याभरात पहिल्यांदा. इतकं सोपं होतं याचा त्यांना मनस्वी संताप आला.

त्यांची लांब काठी बाईंनी उचलून घेतली आणि दोघं बाकापर्यंत गेले. मोडक्या इंग्रजीत बाईंनी सांगितलं, "तीन वर्षं मी मुलांना सांगत होते, ही काठी वाटेतली काटेरी झुडपं बाजूला करायला आहे."

घराच्या दारापर्यंत बाई सोबत आल्या. आपली काठी परत घेऊन त्या कुत्र्यामागे गेल्या. सुदामराव लांबलचक काठीला दोन्ही हातांनी लोंबकळत जिना चढले. क्षमा नुकतीच ऑफिसातून आली होती.

"क्षमा, लांगला फोन कर. ही मनगटापर्यंत कापून पाहिजे." मग ते भिंतीकडे बघत म्हणाले, "चालायला. मला चालायला काठी लागते."

महिनाभर भांडलेली पोरगी, पण जिंकल्याचं तोंडावर दिसू दिलं नाही तिनं. नुसती फोनकडे वळली.

"दोन सांग," स्वयंपाकघरातून अरुणाबाई म्हणाल्या.

"दोन कशाला?"

अरुणाबाई ओट्याला धरून बाहेर आल्या. "अहो, माझी कंबर दोन वर्षं झाली धरते. तुम्हीच घेत नव्हता. मग मी काठी घेऊन तुमच्या बाजूनं चालले असते, तर लोक तुम्हाला काय म्हणाले असते?"

दोन वर्षं रोज ही बाई सुदामरावांच्या समोर उठत होती, बसत होती, भात वाढत होती. मग ते क्षमाच्या खणातून टेप घेऊन आले आणि म्हणाले, "सरळ उभी राहा. हात सैल सोड."

त्यांना वाकता येईना, म्हणून टेपचं टोक अरुणाबाईंनीच पायाच्या अंगठ्यानं जमिनीवर दाबून धरलं.