डावीकडे दोन बोटं

लोकांच्या घरातल्या जमिनी सपाट करण्यात फरशीवाल्याचा जन्म गेला होता. वाकडं काही दिसलं की त्याच्या डोक्यात जायचं. आणि नेमकी त्याच्याच नशिबी ही गाडी आली. फोर व्हील ड्राइव्ह, चामड्याच्या सीट, हवेवर खाली-वर होणारं सस्पेन्शन, सगळा थाट राजेशाही, पण तिसऱ्या हातची. घरी आणल्या आणल्या त्याने मागच्या बंपरवर फरशीची पातळी बघायची पाणसळ ठेवली. डावी बाजू दोन बोटं वर!

"हातगाडी घेतली असती तर ती तरी सरळ उभी राहिली असती," बायको म्हणाली.

वडील गेल्यापासून आई खोलीबाहेर पडत नसे. सून कामाला वाघ, नातवंडं आपापल्या नादात. आईला कोणी दुखवत नव्हतं, पण काही विचारतही नव्हतं. गाडी दाखवायला त्याने तिला हाताला धरून आणलं. ती मागे डावीकडे बसली, दार लागलं, सुस्कारा टाकावा तशी हवा सुटली आणि पाणसळीतला बुडबुडा मधोमध येऊन थांबला.

"आई, तू बसलीस आणि गाडी सरळ झाली बघ!"

कित्येक महिन्यांनी आई हसली. दुसऱ्या दिवसापासून ती त्याच्या आधी गाडीत जाऊन बसू लागली. पंधरा दिवसांत अशी वेळ आली की ती जेवायलाही उतरेना.

"मी उतरले की ही वाकडी होते रे," ती म्हणायची. "घरात माझ्यावाचून काही अडत नाही. इथे अडतं."

काही करून तिला पुन्हा घरात न्यायचं, असं त्याने ठरवलं. गाडी रिकामी असताना सरळ उभी राहायला लागली, तर आईला बसून राहायचं कारणच उरणार नव्हतं. त्यात डॅशबोर्डवर पिवळा दिवा लागला आणि गाडी बैलगाडीच्या वर वेग घेईना. मग आईसकट तो गॅरेजला गेला.

मेकॅनिकने लॅपटॉप जोडला. "सरळ म्हणजे काय, ते गाडीला एकदा शिकवावं लागतं. तेव्हा आत कोणी नको. मागच्या वेळी मीच घोळ घातला. ह्याच गाडीच्या आधीच्या मालकाच्या आई उतरायला तयार नव्हत्या, त्याला घाई. दाबलं तसंच बटण. महिन्याने तो गाडी विकायला आला. विचारलं, आई बऱ्या आहेत ना? तर हसला. म्हणाला, दुसऱ्या कोणाशी तरी गल्लत होतेय तुमची."

"असतात एकेक विसरभोळे," फरशीवाला म्हणाला आणि मागचं दार उघडलं. "आई, पाच मिनिटं उतर."

"नाही रे बाळा."

त्याने समजावलं, हात जोडले, आवाजही चढवला. आई ढिम्म. तिकडे साइटवर सिमेंटचा माल कालवून ठेवलेला, तासाभरात दगड झाला असता. शेवटी त्याने हात टेकले.

"आज दिवा विझवण्यापुरतं दाबू का?" मेकॅनिकने विचारलं. "गाडी रिकामी करून नीट नंतर करू. पण हे विचारतंय, गाडी रिकामी आहे का? हो म्हटल्याशिवाय पुढे सरकत नाही."

फरशीवाल्याने घड्याळाकडे पाहिलं.

"हो म्हण."

आईने काचेतून त्याच्याकडे पाहिलं. रागाने नाही. मेकॅनिकने बटण दाबलं, दिवा विझला.

माल वाचला. दुपारी तो शीळ घालत घरी आला. गाडी लावून उतरतोय तोच बायको झाकलेलं ताट घेऊन लगबगीने अंगणात आली. तिने मागचं डावं दार उघडलं आणि तिथेच थांबली. सीटवर कोणी नव्हतं.

"अहो," ती हळूच म्हणाली, "हे मी कोणासाठी आणलं?"

त्याने ताट तिच्या हातातून घेतलं. काहीतरी जिभेवर आलं होतं, पण शब्द होईना.

"माझ्यासाठीच असेल," तो म्हणाला. भूकही लागली होती. तो पायरीवर बसून जेवू लागला. सगळं इतकं मऊ कालवलेलं होतं की दातांना कामच नव्हतं. तरी घास गिळवेना. तो रडायला लागला. बायको घाबरून पुन्हा पुन्हा विचारत होती काय झालं, आणि त्याला ते सांगता येत नव्हतं.