नदीच्या ओटीचा मान

चऱ्होलीच्या खालच्या आळीत जोंधळा साठवायची जमिनीतली पेवं सात होती. त्या श्रावणात त्यांतली सहा रिकामी होती. सातव्यात सारजाबाईचा आठ पोती जोंधळा होता. वर्षभर खायचा तोच आणि रब्बीला पेरायचाही तोच. दुसरं बी घरात नव्हतं. पेवाच्या तोंडावर दगड, दगडावर शेणमातीचा लिंपा, आणि पूर चढू लागला त्या सकाळी इंद्रायणीचं पाणी तिथून चाळीस पावलांवर.

पिंपरीला औषधाचा कारखाना निघून दोन-तीन वर्षं झाली होती, तरी पूर आला की गावातलं पहिलं काम ठरलेलं होतं. नदी म्हणजे माहेरवाशीण. तिची ओटी भरून तिची पाठवणी करायची आणि तोवर घरातला दाणा हलवायचा नाही. लेक दारात असताना कणगी लपवल्यासारखं दिसतं.

हा मान हिंदुरावांच्या घराचा की गेनबाच्या, यावर मात्र गावाचं एकमत नव्हतं. दोघांची घरं वरच्या आळीत असल्यामुळे त्यांना विचार करायला सवड होती.

"माझ्या आजीनं भरली व्हती," हिंदुराव पारावरून म्हणाले.

"तवा पानी गुडघाभर व्हतं," गेनबा म्हणाला. "त्याला ओटी न्हाई, पाय धुनं म्हनत्यात."

सारजाबाई पाराखाली उभी होती. ती विधवा. ओटी भरायचा तिला हक्क नव्हता, नाहीतर तिनेच उरकली असती.

"तुमी भांडा निवांत. मला पेव उघडू द्या."

"नदीच्या तोंडावर दाना पळवतीस व्हय गं?" हिंदुराव म्हणाले. एवढ्या एका मुद्द्यावर गेनबानेही मान डोलावली.

दुपारी तोडगा निघाला: दोन्ही घरच्या सुनांनी एकाच सुपातून ओटी भरायची. मग सूप कोणाचं, यात थोडा वेळ गेला. सूप तिसऱ्याच घरचं आलं तेव्हा नदीपर्यंत सुनांना फार चालावं लागलं नाही.

ओटी झाल्याबरोबर सारजाबाईच्या पुतण्याने, कारखान्यातून सुट्टीवर आलेल्या तात्याबाने, पेवाचा दगड सरकवला. बंद पेवातली हवा कोंदलेली असते; दिवा तगेपर्यंत आत कोणी उतरत नाही. त्याने दोरीने कंदील सोडला. विझला. पोत्याने वारा घालून पुन्हा सोडला. पुन्हा विझला.

"काकी, मी उतरतो तसाच."

"उतर आन् मर. मंग पैला खांदा कुनाचा, यावर बसतील भांडत."

तिसऱ्यांदा कंदील तगला, आणि त्याच्या उजेडात भिंतीतून झिरपणारं पाणी दिसलं. तेवढ्यात काठावरूनही धार आत पडू लागली.

दुसऱ्या दिवशी पूर ओसरला. तो आपल्याच सुनेच्या हाताने ओसरला, याबद्दल हिंदुराव आणि गेनबा या दोघांनाही शंका नव्हती.

"तुजा दाना नदीनं आपल्या हातानं घेतला, सारजे," गेनबा म्हणाला. "पुन्य लागलं."

"मंग पुढल्या साली तुमीबी खाली पेव काढा. मला एकटीला किती पुन्य?"

जोंधळा बाहेर काढला तेव्हा त्यातून वाफा येत होत्या. वरचा थर काळा पडला होता. तळचा आंबला होता, त्याला म्हैसही तोंड लावेना. मधला बरा दिसला, तो सारजाबाईने घोंगड्यांवर वाळवला आणि निवडून बियाण्यासाठी ठेवला. पेरणीआधी तात्याबाने त्यातले शंभर दाणे मोजून ओल्या गोणपाटात गुंडाळले आणि चुलीजवळ ठेवले.

मोड अकरा दाण्यांना आले.