खोळीवरचे चार पाय

कुणाचा विश्वास बसणार नाही, आणि न बसलेलाच बरा — पण त्या खोळीवर चार पाय होते.

खोळ शिंप्याच्या कापायच्या टेबलावर कुशीवर पडली होती. खिडकीतला सकाळचा तिरपा उजेड नेमका तिच्या अंगावर येत होता, आणि काळ्या जाड कापडावर दोन जागा चकाकत होत्या. एक वर, तळहाताएवढी, ठसठशीत. दुसरी तिच्या खाली, जराशी पुढच्या अंगाला, फिकट — भिंतीवरची तसबीर काढली की मागे जे राहतं ना, तशी. त्याने खोळ उलटली. त्या कुशीवरही तेच, वर एक आणि खाली एक. फक्त खालची इतकी पुसट की चष्मा कपाळावर चढवून नाक कापडाला टेकवावं लागलं. चार झाले. आणि खोळ आणून टाकणारा दातांचा डॉक्टर काल जाता जाता म्हणाला होता, माझ्याशिवाय या चाकावर कुणी पाय ठेवत नाही. कुणी विचारलं नव्हतं, तरी म्हणाला होता. न विचारता दिलेल्या उत्तराला अस्तर असतं, हे काय शिवणाऱ्या माणसाला सांगायला हवं?

चाक म्हणजे ते विजेवरचं एकच चाक. बसायला जागा नाही, धरायला दांडी नाही. दोन बाजूंना दोन पेडल, त्यांवर उभं राहायचं, चाक पोटऱ्यांच्या मधे धरायचं; पुढे झुकलं की ते पळतं, मागे रेललं की थांबतं. पहिल्यांदा त्याने ते रस्त्यावर पाहिलं तेव्हा वाटलं होतं, या माणसाची उरलेली गाडी कुणीतरी चोरून नेली आहे. पण मग ती माणसं त्याच्याच दुकानात यायला लागली. चाक आडवं पडलं की त्याचं कवच ओरखडतं, धूळ आत शिरते, पाणी लागलं तर दुखणं वेगळंच. आयुष्यभर त्याने वाद्यांच्या, यंत्रांच्या, खुर्च्यांच्या खोळी शिवल्या होत्या. पाणबुडे घालतात तसल्या रबरी कापडाची चाकाची खोळ शिवायला किती वेळ लागणार? ग्राहक तिला कव्हर म्हणत. तो खोळच म्हणे. कव्हर कशावरही बसतं; खोळ ज्याची त्याची असते. दिव्याला खिडकी, चार्जिंगच्या भोकाला झडप, बटणावर कापडाचा ताण नको, आणि कुशींवर गाद्या — ज्याच्या पोटऱ्या जिथे टेकतील, तिथेच. इकडेतिकडे झाली तर गादीच माणसाचा पाय बाहेर ढकलते.

डॉक्टरने गाद्याच बदलायला सांगितल्या होत्या. झिजलंय तिथे नव्या, जाड घाला, म्हणाला.

झिजलंय तिथे... कुठे पण?

खोळीवरून मी माणूस सांगतो, हे त्याचं घोषवाक्य. शेजारच्या घड्याळवाल्याला त्याने एकदा ऐकवलं होतं की एका खोळीची शिवण पाहून त्याने मालकाची सासू घरी मुक्कामाला आल्याचं ओळखलं. ती अर्थात लोणकढी थाप. पण थापेच्या पोटात थोडं खरंही होतं, आणि तेच आता त्याच्या हातांखाली पसरलं होतं. वरची जागा डॉक्टरची, त्यात शंका नाही, डॉक्टर ताडमाड. खालची एका ठेंगण्या माणसाची. पाऊल थोडं पुढे ठेवणाऱ्या, नव्याने शिकणाऱ्या माणसाची. आणि डाव्या कुशीवर जोर, उजवीकडे जवळजवळ नाहीच — म्हणजे उजव्या गुडघ्यावर ज्याचा भरवसा नाही अशा माणसाची.

त्याने मोजपट्टी उचलली आणि पुन्हा ठेवून दिली. मोजायचं काय? त्या उजव्या गुडघ्याला त्याने स्वतः पट्टी शिवून दिली होती. ती पोटरी, तो घेर, गुडघ्यापासून घोट्यापर्यंतची लांबी ही मापं कागदावर नव्हतीच कधी, बोटांत होती. बोटं त्या पुसट जागेवर गेली आणि तिथेच थांबली, ओळखीचं दार लागल्यासारखी.

बायको? छे. चोराच्या मनात चांदणं म्हणतात तसं थापाड्याच्या मनात... पण मग बूट?

बूट, हो. गेले काही दिवस दुपारी निघताना ती चपला घालत नव्हती, कॅनव्हासचे बूट घालत होती. गुडघ्याला बरं पडतं, म्हणाली होती. आणि जायची कुठे, तर डॉक्टरकडे — कवळीसाठी. आज माप, उद्या मेण, परवा वरची बसते तर खालची टोचते. एका कवळीला इतक्या फेऱ्या! आपण अख्ख्या हत्तीला दोन फेऱ्यांत खोळ घातली असती. कुठेतरी पाणी मुरत होतं. परवा तिच्या बुटाच्या आतल्या कडेला त्याला काळं दिसलं होतं, कापड घासल्याचं काळं, आणि त्याने ते पाहिलं नाही असं केलं होतं, कारण पाहिलं की विचारावं लागतं आणि विचारलं की ऐकावं लागतं.

पण खरी शंका बुटांमुळे आलीच नव्हती. ती आली होती एका शब्दामुळे. शब्द नसल्यामुळे.

लग्न झाल्यापासून त्याने सांगितलेली प्रत्येक गोष्ट एकाच जागी संपत आली होती. तो सुरू करायचा, घड्याळवाला माना डोलवायचा, ग्राहक तोंड उघडं ठेवून ऐकायचे, गोष्ट चढत चढत जायची, आणि मग कुठूनतरी, चुलीजवळून नाहीतर दोरीवरच्या कपड्यांमागून, तिचा आवाज यायचा: खोटं. एवढंच. रागाने नाही, कौतुकानेही नाही. शिवणीच्या शेवटी दोरा तोडावा तसा. तो शब्द येईपर्यंत गोष्ट पुरी व्हायचीच नाही. पुढे पुढे तर तो कुठे खोटं बोलायचं हे तिच्यासाठी ठरवून ठेवायला लागला... इथे पकडेल, नाही पकडलं तर तिथे.

आणि हल्ली ती म्हणायची, असेल.

असेल! चांगल्या मोठ्या, तेल पाजून तयार केलेल्या थापेला ‘असेल’? पहिल्यांदा त्याला वाटलं, ऐकलं नसेल. मग वाटलं, थकली असेल. मग एका संध्याकाळी लख्ख कळलं — ज्याच्याकडे स्वतःचं काही लपवलेलं असतं, तो दुसऱ्याचं खोटं पकडत नाही. नियमच आहे तो. काचेच्या घरात राहणाऱ्यासारखा.

दुपारी ती डबा घेऊन आली. टेबलावरच्या खोळीकडे तिने पाहिलं नाही. पाहिलं असतं तर बरं झालं असतं. दुकानात आल्यावर ती रोज टेबलावर काय आहे ते पाहायची, चिमटीत कापड धरून बघायची, आज नेमकी खिडकीबाहेर पाहत राहिली. जेवण झालं. कवळीचं कुठवर आलं, त्याने विचारलं. होत आलंय, ती म्हणाली. आणि वाकून बुटाची नाडी आवळली, दुहेरी गाठ मारून. कवळी बसवायला जाताना बुटाच्या नाडीला दुहेरी गाठ कोण मारतं?

ती कोपऱ्यावर वळेपर्यंत तो दारात उभा होता. चाल बदलली होती तिची. लंगडेपणा होताच, पण खांदे... खांदे कधी सैल पडले हिचे? घरात तर ती खांदे उचलूनच वावरते, वरून काही पडेल अशी.

मागे जाऊन बघता आलं असतं. दवाखान्यामागे मोकळं, फरशीचं मैदान होतं, झाडांच्या आडून सगळं दिसलं असतं. तो आत आला आणि मशीनवर बसला.

आणि मग त्याने ते केलं. डॉक्टर म्हणाला ना, माझ्याशिवाय कुणी नाही? ठीक. ग्राहकाचा शब्द प्रमाण. जाड गाद्या कापल्या आणि दोन्ही कुशींवर वर, डॉक्टरच्याच जागी शिवून टाकल्या. अशा जाड, की खालच्या पोटरीला टेकायला जागाच राहू नये, ठेंगण्या माणसाने नेहमीसारखा जोर दिला की गुडघा बाहेर फेकला जावा. शिवताना हात अगदी स्थिर होता. टाके मोत्यासारखे आले. इतके सुंदर टाके त्याने कित्येक दिवसांत घातले नव्हते, आणि ते सुंदर येताहेत याचीच त्याला मधेच शिसारी आली. पण मशीन थांबवलं नाही. मी थोडंच खोटं बोललो? जे सांगितलं ते केलं. पडलीच तर कळेल, दुसरं कोण चढतं ते... पडली तर. त्याच गुडघ्यावर.

दोरा तोडला. दुकानात फार शांत झालं.

का नाही सांगितलं हिने? हा प्रश्न सकाळपासून दाराशी उभा होता आणि त्याने त्याला आत घेतलं नव्हतं. डॉक्टरशी काही... नाही. तो संशय त्याने चघळून पाहिला होता, त्याला चव नव्हती. डॉक्टर दिवसभर लोकांच्या तोंडात बघतो, संध्याकाळी त्याला माणूस नकोसा होतो. मग का? एक चाक शिकते आहे, एवढंच तर! मी हसलो असतो, घड्याळवाल्याला बोलावलं असतं, सगळ्यांना सांगितलं असतं —

सांगितलं असतं.

तिचा भाऊ एका सकाळी घरातून निघून गेला तो परत आलाच नाही. दार वाजलं की ती उठायची. तिला हसवावं म्हणून मीच सुरू केलं, मेव्हणा जहाजावर नाभिक आहे, कप्तानाची दाढी करता करता त्याने एका देवमाशाच्या मिशा कातरल्या. हसली होती ती. ‘खोटं’ म्हणून हसली होती. मग गोष्ट बाहेर पडली, गल्लीत फिरली, अंगाने भरली, आणि एके दिवशी भाजीवाल्याने तिलाच विचारलं, काय वहिनी, देवमाशाचं उरकलं का तुमच्या भावाचं? पिशवी तशीच घेऊन ती घरी आली आणि बसून राहिली. त्यानंतर तिने भावाचं नाव काढलं नाही. आता तर मलाही त्याचा चेहरा आठवत नाही. आठवतं ते फक्त हातातली कात्री, आणि ती कात्री मीच दिलेली.

माझ्या कानावर आलेलं काहीच आपल्या मापाचं राहत नाही. हे तिला माहीत होतं. किती वर्षं माहीत होतं?

तरीही संध्याकाळी घड्याळवाला येऊन स्टुलावर बसला, डॉक्टर खोळ न्यायला आला, आणि त्याच्यामागून काही वेळाने ती रिकामा डबा न्यायला आली, तेव्हा त्याने सापळा लावलाच. संशय हा असा. त्याला कारण मिळालं तरी पोट भरत नाही, त्याला पुरावा हवा.

तो सांगायला लागला. कुणाचा विश्वास बसणार नाही, म्हणाला, पण एका गिऱ्हाइकाच्या चाकाला नवी खोळ घालून दारात ठेवलं होतं. खोळ इतकी अंगासरशी की आतलं बटण दाबलं गेलं, आणि चाक निघालं की! एकटंच. घड्याळवाल्याने मान डोलावली. चौक ओलांडला, म्हणाला, पोलिसाने शिट्टी मारली तेव्हा खांबामागे थांबलं, मग पाण्याच्या टाकीच्या चढाला लागलं. डॉक्टर हसून ऐकत होता. तो कुणालाच कधी खोडून काढत नाही, दात काढतानाही नाही. ती डब्याचं झाकण लावत होती.

आता. त्याने आवाज खाली आणला. चार्जिंग संपत आलं होतं, म्हणाला, पण वेग तसाच. आवाज नाही, कुरकुर नाही. शेवटच्या थेंबापर्यंत तशाच चालीने सरळ वर गेलं, आणि माथ्यावर पोचल्यावर गायीसारखं गप्प उभं राहिलं.

सांगताना मनात दोन माणसं होती. एक म्हणत होता, बोल, बोल एकदाची. दुसरा म्हणत होता, असेल म्हण, बाई. असेल म्हण आणि घरी चल.

“खोटं,” ती म्हणाली.

कितीतरी दिवसांनी. तो शब्द इतक्या जुन्या जागी येऊन बसला की आधी नुसता आनंदच झाला, आणि बाकीचं ऐकू यायला क्षणभर उशीर झाला.

“चार्जिंग संपत आलं की ते असं गप्प जात नाही. आधी कुईकुई करतं, मग पुढून उचलतं. चढावर तर पायाची बोटं वर येतात, टाचांवर रेटतं माणसाला.”

कुणीही म्हणालं असतं की माणसाशिवाय चाक उभंच राहत नाही. एवढं मोठं खोटं तिला दिसलंच नव्हतं. तिच्या पायांना दुसरंच दिसलं होतं, आणि तोंडाच्या आधी पायच बोलून गेले होते. ते तिला कळलं तेव्हा तिचा हात झाकणावर थांबला. पण मान खाली गेली नाही. ती त्याच्याकडे बघत राहिली — आता तू याचं काय करतोस ते बघते, अशी. घड्याळवाला मिशीतल्या मिशीत काहीतरी जुळवायला लागला होता; अजून थोड्या वेळात तो विचारणार, वहिनी, तुम्हाला हो कसं ठाऊक? आणि मग उद्या गल्ली, परवा भाजीवाला.

गोष्ट तर तयारच होती. नुसतं तोंड उघडायचं होतं. ठेंगणी बाई, ताडमाड डॉक्टर, कवळी, एक चाक — आयुष्यात असला माल हाताला लागला नव्हता.

डॉक्टरने खोळ उचलली, नव्या गाद्यांवरून अंगठा फिरवला, टाके फार देखणे आलेत म्हणाला, आणि ती काखेत मारून वळला.

राग गेला नव्हता. तो छातीत होता तिथेच होता, आणि का नाही सांगितलंस हा प्रश्नही होता, कदाचित तो आता कायमचाच राहणार होता. पण त्याच्या अंगावरून काहीतरी सैल होऊन उतरत होतं, आणि उघड्या पडलेल्या जागेला वारा लागत होता.

“डॉक्टर, ती आज नका नेऊ,” तो म्हणाला. “उद्या देतो. माझं माप चुकलंय.”

घड्याळवाल्याने मान वर केली. इतक्या वर्षांत हे वाक्य या दुकानात कुणी ऐकलं नव्हतं. डॉक्टर थांबला, खोळीकडे पाहिलं, मग तिच्याकडे, आणि खोळ टेबलावर ठेवून दिली. ती पुढे आली. चिमटीत कापड धरलं, वरच्या गादीवरून बोट खाली, त्या पुसट जागेपर्यंत आणलं. बराच वेळ ते तिथेच राहिलं.

“खोटं,” ती म्हणाली.