साखरेसकट परत आलेलं बोंडलं

मी बोंडलं बोलतंय. हसू नका. घरोघरी दुधाच्या बाटल्या आल्या, त्यात माझं नाव विसरला असाल तर सांगून ठेवतंय. ओंजळीत मावेल एवढी काशाची वाटी अन् तिला पुढे चिमणीसारखी चोच, हे माझं रूप. लेकराला मांडीवर आडवं घ्यायचं, चोच ओठाच्या कोपऱ्याला टेकवायची अन् दुधाची बारीक धार सोडायची. एवढंच काम. पण करून बघा बरं! हात जरा हलला की दूध लेकराच्या नाकात.

कोणत्या कासारानं मला घडवलं ते आठवत नाही. आपला जन्म कुणाला आठवतो? मला आठवतं ते नरखेड तालुक्यातल्या एका खेड्यातलं प्रयागबाईंचं घर, चुलीमागची फळी अन् चिंचेनं घासूनपुसून निघालेलं माझं अंग. त्या घराण्यातलं प्रत्येक लेकरू माझ्या चोचीनं प्यालं, अन् प्यालेलं प्रत्येक लेकरू जगलं. म्हणून माझा भाव जरा जास्त. सून असो की लेक, दिवस गेले की आधी मला मागून ठेवायची. "तुयाचं झालं की बोंडलं मले दे वं," असं भर पंगतीत ओरडून सांगायच्या. लेकराला माझी गरज उरली नाही की मला घासायचं, साखरेनं भरायचं अन् पुढच्या घरी धाडायचं. रिकामं कधीच द्यायचं नाही. साखर आली म्हणजे तिकडचं लेकरू धडधाकट झालं, हे न सांगता कळायचं. पुढच्या बाळंतिणीनं ती साखर तोंडात टाकायची, की झालं.

गेल्या हिवाळ्यात, म्हणजे एक्क्याऐंशी साली, मी प्रयागबाईंच्या पिशवीत बसून एसटीनं नागपूरला आलं. त्यांचा लेक चंद्रभान तिथं एका कचेरीत कारकून. महाल नावाच्या जुन्या वस्तीतल्या एका गल्लीत माडीवर दोन खोल्यांचं बिऱ्हाड, बायकोचं नाव गोपिका. तिला नुकताच मुलगा झाला होता. बारसं व्हायचं होतं, तोवर सगळे बाबू म्हणत.

बाबू दिसायला गोड. पण अंगावर घेतलं की दोन घोट पिऊन थांबायचा, नाकपुड्या फुलवायचा, अन् हिवाळ्याचे दिवस असून त्याच्या कपाळावर घामाचे थेंब उभे राहायचे.

"असा कसा वं हा? प्यायले घेतला की झोपून जाते," प्रयागबाई म्हणाल्या.

"झोपत नाही, आत्याबाई. थकते तो," गोपिका म्हणाली. ती फार बोलणारी नव्हे. पण तिचं बरोबर होतं.

डॉक्टरांनी नळी लावून बाबूची छाती बराच वेळ ऐकली. मग चंद्रभानला बसवून सांगितलं, "जन्माआधी प्रत्येक बाळाच्या हृदयाशेजारी एक नळी उघडी असते. जन्मल्यावर ती बंद होते. याची झाली नाही. नको तेवढं रक्त फुप्फुसात जातं, म्हणून धाप लागते. ऑपरेशन करून ती नळी बांधावी लागेल. पण एवढ्या अशक्त बाळाला भूल सोसणार नाही. आधी थोडं वजन वाढवा."

घ्या! दूध पचवायला काळीज धड हवं, अन् काळीज धड करायला अंगात दूध हवं. या पेचात मला उतरवलं. गोपिका आपलं दूध माझ्यात पिळून काढायची अन् थेंब थेंब बाबूला पाजायची. एक घोट, मग उसंत. घाम पुसायचा, पुन्हा घोट. एक बोंडलं संपेपर्यंत पुढच्याची वेळ व्हायची. कचेरीतून आला की चंद्रभान चप्पलही न काढता विचारायचा, "किती पेला बाबू?"

"अर्धं."

"काल तर पाऊण बोंडलं पेला होता ना?"

गोपिका बाबूचं कपाळ पुसत राहायची. तो बिचारा उंबऱ्यातच उभा राहायचा. मला त्या दोघांचा इतका कळवळा यायचा, की वाटायचं, आपणच थोडं लहान असतो तर बरं झालं असतं. निदान भरलेलं संपलं तरी असतं.

वजन काही वाढलं नाही. उलट बाबूची धाप वाढली, ओठ काळसर पडायला लागले. शेवटी डॉक्टर म्हणाले, आता थांबण्यात अर्थ नाही, आहे तसंच करू.

ऑपरेशनच्या दिवशी मी गोपिकेच्या मांडीवर पिशवीत होतं, बाबूच्या कुंचीत गुंडाळलेलं. चंद्रभान खिशातला कंगवा काढून सारखा भांग पाडत होता. डॉक्टरांशी बोलायचं म्हणजे नीट दिसायला हवं, असं त्याला वाटायचं. बाकावर शेजारी बसलेल्या एका गृहस्थानं चौकशी केली, काय झालं म्हणून. अन् लगेच आपल्या पुतण्याचं सांगायला लागला, की त्यालाही असंच होतं, अन् मग तो कसा गेला. माणसांची ही सवय मला कधी कळली नाही. दुसऱ्याचं दुखणं ऐकलं की यांना आपल्या घरचं मरण आठवतं.

"तोंड आवरा ना जी भाऊ!" प्रयागबाई कडाडल्या. तो गृहस्थ उठून दुसऱ्या बाकावर गेला.

बाबू बाहेर आला तेव्हा त्याच्या छातीभोवती पट्टीच पट्टी होती. डाव्या बगलेखालून पाठीपर्यंत टाके. त्याला ऑक्सिजनच्या तंबूत ठेवलं. गोपिकेला दारातूनच बघायची परवानगी. तिचं दूध तर थांबत नव्हतं. ती कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून दूध पिळायची अन् मोरीत ओतून यायची. माझ्यासारख्या भांड्याला ते बघवत नव्हतं, तर तिचं काय झालं असेल!

मग एका सकाळी सिस्टर म्हणाली, "माँ का दूध लाओ. थोड़ा-थोड़ा देंगे." गोपिकेनं मला पुढे केलं तर तिचे डोळे विस्फारले. "ये क्या है? ये नहीं चलेगा."

"याच्यानंच पिते तो," गोपिका म्हणाली, अन् हात काही मागे घेतला नाही. सिस्टरनं तिच्याकडे पाहिलं, मला उचललं अन् कात्र्या-चिमट्यांसोबत उकळत्या पाण्यात टाकलं. अहो, चुलीमागच्या फळीवरून उतरून मी ऑपरेशनच्या हत्यारांच्या पंगतीला बसलं! काय तो माझा रुबाब!

गोपिकेनं चोच बाबूच्या ओठाला लावली. एक घोट. दुसरा. तिसरा. तो थांबलाच नाही. तिनं उलटा हात त्याच्या कपाळाला लावला, काढला, पुन्हा लावला.

"आत्याबाई," ती म्हणाली, "कपाळ कोरडं आहे."

"काय म्हणतं?"

"कोरडं आहे! लावून पाहा ना हात!"

प्रयागबाईंनी हात लावला. चंद्रभान साबणानं हात धुऊन आला, त्यानं लावला, अन् जिन्यात जाऊन रडला. माझ्या तळाला थेंब उरला नाही तरी बाबू आणखी दुधासाठी ओरडत होता. लेकराच्या भुकेच्या रडण्याइतकं गोड मी काही ऐकलेलं नाही.

पुढे तो आईच्या अंगावरही पिऊ लागला. त्याच सुमारास गावाहून निरोप आला, की चंद्रभानची बहीण पुष्पलता माहेरी बाळंत झाली, मुलगी झाली. प्रयागबाईंना निघणं भाग होतं. त्यांनी मला घासायला घेतलं तेव्हाच गोपिकेच्या लक्षात आलं.

"टाके निघू द्या ना, आत्याबाई. मग न्या बोंडलं."

"काहून वं? पोट्टं अंगावर पिऊन राह्यलं. गरज सरल्यावर बोंडलं अडवून ठेवू नाही. पुष्पीनं कवाचं मागून ठेवलं."

साखर चंद्रभाननं स्वतः आणली. माझ्यात भरताना त्याचे हात नाचत होते. गोपिकेनं मला जाण्याआधी एकदा बाबूच्या ओठाला टेकवलं अन् मुकाट्यानं सासूच्या हातात दिलं.

गावी पुष्पलतेची मुलगी टुणटुणीत. माझ्यातून प्यायची ती केवळ घरची रीत म्हणून. संत्र्यांचे ढीग पडले होते, घर माणसांनी भरलेलं. प्रयागबाई येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत, "माया नातवाचं काळीज शिवलं डॉक्टरनं. आता काई नाई, एकदम चंगा!"

अन् एका दुपारी दारात चंद्रभान उभा. भांग विस्कटलेला. पाय धुवायलाही थांबला नाही.

"आई, बोंडलं दे."

"दिलेलं बोंडलं परत नेते का गा कोणी?"

"बाबू अंगावर पीत नाही. चमच्यानं ठसकते. गोपिकेनं सांगितलं, बोंडलंच आण."

आतून पुष्पलतेनं सगळं ऐकलं होतं. तिनं मला पुसलं, उशाखालून पुरचुंडी काढली अन् तीच साखर माझ्यात ओतली.

"खाल्ली नाहीस?" प्रयागबाईंनी विचारलं.

"नाही. मले वाटलं, टाके तर निघू द्या भाच्याचे. ने दादा. रिकामं नको नेऊ."

अशी साखर जशी आली तशीच परत निघाली. असं त्या घराण्यात कधी घडलं नव्हतं. एसटीत चंद्रभाननं मला दोन्ही हातांनी झाकून धरलं होतं. दाणाही सांडू दिला नाही. अन् मी? मी मनात म्हणत होतं, माझ्यावाचून अडलंय बाप्पा, मी पोचलं की झालं! एवढा माझा तोरा.

दवाखान्यात गोपिकेनं साखर कागदावर काढून ठेवली. मला उकळलं, दूध घेतलं. चोच लागताच बाबूनं ओळखलं, तोंड उघडलं. एक घोट प्याला. दुसरा प्याला. मग थांबला. नाकपुड्या फुलल्या.

मी त्याच्या ओठाशी होतं. मला सगळं दिसत होतं. केसांच्या कडेला एक थेंब उभा राहिला, मग शेजारी दुसरा. गोपिकेनं पदरानं पुसले. तिनं पुन्हा घोट दिला. पुन्हा थेंब.

"पेला?" चंद्रभाननं विचारलं.

"पेला."

"मग बरं आहे ना?"

तिनं त्याचा हात धरला अन् बाबूच्या कपाळावर ठेवला.

डॉक्टरांनी लपवलं नाही. "नळी बांधली ती पक्की आहे. पण हृदयाच्या आतल्या पडद्यालाही भोक आहे. आधी नळीच्या आवाजात त्याचा आवाज ऐकू आला नाही. ते शिवायला हृदय उघडावं लागतं. एवढ्या लहान बाळाचं इथं होत नाही. मुंबईला विचारलं, ते म्हणतात मोठा झाल्यावर आणा."

"मोठा होईल?" गोपिकेनं विचारलं.

"कधी कधी भोक आपोआप भरतं."

"कधी कधी?"

"कधी कधी," डॉक्टर म्हणाले, अन् घरी न्यायला सांगितलं.

आता आम्ही महालातल्या खोलीत आहोत. टाके मात्र सुरेख भरले. बगलेखाली नुसती एक गुलाबी रेघ दिसते. वजन जिथल्या तिथं. बारसं अजून झालेलं नाही, तो विषयच कुणी काढत नाही. गोपिका मला भरते, बाबू घोट घेतो, ती घाम पुसते. बाबू किती प्याला ते चंद्रभान आता विचारत नाही. येतो अन् तिच्या शेजारी बसतो. ती साखर डब्यात, फळीवर आहे. कुणी खात नाही, कुणी टाकतही नाही.

परवा प्रयागबाई येऊन गेल्या. सोबत पुष्पलता होती, लेकीला घेऊन. तिच्या पिशवीतून दुधाची बाटली डोकावत होती, नवीकोरी. निघताना गोपिका म्हणाली, "वन्सं, बाबूचं झालं की बोंडलं धाडते तुमच्याकडे."

पुष्पलतेनं बाटली पिशवीत आत ढकलली. प्रयागबाईंनी नजर दुसरीकडे वळवली. "राहू दे वं," त्या म्हणाल्या. "आता ते तुयाजवळच राहू दे."

गोपिका मला हातात घेऊन तशीच उभी राहिली. जिन्यावरची पावलं ऐकू येईनाशी झाली तरी ती हलली नाही.

आजवर मला 'तुयाजवळच राहू दे' कुणी म्हटलं नव्हतं. या घराण्यात मी कायम मागितलेलं भांडं. मला मागायचं म्हणजे आधीचं लेकरू मोठं होणार, असं धरून चालायचं. त्यांनी मागणं सोडलं, याचा अर्थ मला कळला. गोपिकेलाही कळला.

म्हणून तुम्हाला हात जोडून सांगतंय. मला हात नाहीत, तरी जोडलेत असं समजा. तुमच्यापैकी कुणाच्या घरी पाळणा हलणार असेल, तर महालात या. हा जिना चढा अन् गोपिकेला ऐकू जाईल असं मोठ्यानं म्हणा, "तुयाचं झालं की बोंडलं मले दे वं." मी तुमच्या घरी येईन की नाही, ते मला माहीत नाही. पण मागा.