पुलावरचा छत्रीवाला

जपानी चित्र घरी आलं, काकूंनी वरचा कागद फाडला आणि त्यांचा पारा चढला. पुलावरचा छत्रीवालाच गायब!

बाकी चित्र झकास होतं. मूळ चित्र लाकडी ठशांनी छापलेलं, फार जुनं; हे त्याचंच कॅनव्हासवर उतरवलेलं मोठं रूप. बर्फ, निळी नदी, पूल, आणि आभाळात ठशाच्या लाकडाच्या रेषासुद्धा जशाच्या तशा. पण पुलाच्या उजव्या टोकाला छत्रीखाली वाकून चाललेला माणूस काही दिसेना. आणि त्याच्यासाठीच तर हा सगळा खटाटोप!

काका बस डेपोत टाइमकीपर होते. त्यांच्या खुर्चीमागे कॅलेंडरचं हेच पान लावलेलं असे. नव्या ड्रायव्हरला ते छत्रीवाला दाखवत, "ह्याची शेवटची बस चुकली बरं का," म्हणत आणि स्वतःच खो खो हसत. पुढे ते पान विरून गेलं.

अलीकडे काकांच्या मेंदूला झटका आला. जीव वाचला, बोलणंही परत आलं, पण त्यांच्या लेखी डावी बाजू जगातून उठूनच गेली. ताटाचा डावा अर्धा भाग तसाच राही. डोळे धड होते, मेंदूच तिकडे फिरकायला तयार नव्हता. फिजिओच्या बाईंनी काकूंना बजावलं, "तुम्ही डावीकडेच बसायचं. त्यांनी वळलं पाहिजे. लाडाने समोर जाल तर नुकसान त्यांचंच."

म्हणून काकू डावीकडे बसत. त्या बोलल्या की काका उत्तर देत ते उजवीकडच्या कपाटाला. घंटी वाजवून झाली, मोसंबं सोलून वास देऊन झाला, काका ढिम्म. आणि काल तर त्यांनी सुनेला हळूच विचारलं, "ही रागावलीय का गं माझ्यावर? समोरच येत नाही." हातभर अंतरावर बसलेल्या काकूंच्या काळजात चर्र झालं. तरी त्या जागच्या हलल्या नाहीत. हे चित्र हा त्यांचा शेवटचा उपाय होता.

त्यांनी दुकानदाराला फोन लावला. "अहो, माझा माणूस कुठाय?"

"काकू, कड कोरी ठेवू का म्हणून मी विचारलं होतं. तुम्हीच म्हणालात, कोरं कापड कशाला, सगळीकडे चित्रच येऊ द्या. मग चित्राचीच कड चौकटीवर दुमडावी लागते. बाजूला बघा, असेल तो."

होता खरा! चौकटीच्या जाडीवर, छत्रीसकट. काकूंनी कपाळावर हात मारला.

तोवर सुनेने चित्र काकांच्या उजवीकडे खुर्चीवर ठेवलं होतं. काकांनी ते निरखलं. "छत्रीवाला कुठे गेला?"

काकूंनी चित्र उचललं, आपल्या जागेवर जाऊन मांडीवर घेतलं आणि कड त्यांच्याकडे केली. "आहे की, हा इथे."

"कुठे?" काकांनी कपाटाला विचारलं.

"कपाटात नाही हो! माझ्याकडे. वळा, मग दिसेल."

"माझा माणूस, आणि मलाच नाही दाखवत?" काका चिडले. मान थोडी हलली, अडखळली, परत उजवीकडे गेली. काकूंनी चौकट घट्ट धरून ठेवली. मान पुन्हा निघाली. काकांच्या कपाळावर घाम आला. नजर पायांवरून सरकत सरकत चौकटीच्या कडेवर पोचली.

"सापडला लेकाचा!" काका हसले. मग त्यांनी चौकट धरलेले हात पाहिले, आणि हातांवरून नजर चेहऱ्यावर गेली.

"अगं, तू इथे बसतेस होय?"

"मग कुठे बसणार?" काकू ठसक्यात म्हणायला गेल्या, पण आवाज निम्म्यातच फुटला.

काका बराच वेळ त्यांच्याकडे बघत राहिले.

"मला वाटलं," ते म्हणाले, "कंटाळलीस मला."